उलट्या फेऱ्याची कांडी

एका राज्यात जादूची कांडी विकत मिळत नसे. कुणी पैसे मोजून घेतलीच, तर घरी पोहोचेपर्यंत तिची चुलीत घालायची काटकी होई. कांडी भेट म्हणूनच मिळायची, तीही जन्मात एकदाच, आणि ज्याच्या त्याच्या कामापुरती. सुईणीच्या कांडीने अडलेली बाई मोकळी होई. कुंभाराच्या कांडीने चाक डगमगत नसे. एका म्हातारीच्या वाट्याला डास हाकलणारी कांडी आली होती, आणि तिच्याइतकी गाढ झोप त्या राज्यात राजालाही लागत नसे.

या कांड्या लाकूड कातणारा सिदोजी कातारी आणि त्याची बायको लिंबाई मिळून करीत. त्यांच्या यंत्राला चरक म्हणत. चरक म्हणजे काय, तर दोन खुंट, त्यांच्यामध्ये आडवी धरलेली काटकी आणि काटकीला वेढा घातलेली दोरी. दोरीची दोन्ही टोके लिंबाईच्या हातांत असत. उजवा हात ओढला की काटकी सुलट फिरे, डावा ओढला की उलट. सुलट फेऱ्याला सिदोजीने पटाशीची धार लाकडाला टेकवायची, उलट फेऱ्याला उचलायची. टेकवायची, उचलायची. सत्तावीस वर्षे दोघांनी हेच केले. गवताच्या काडीएवढी बारीक कांडी त्यांच्या हातून सरळ उतरे, कारण कुणी कधी ओढायचे आणि कुणी कधी उचलायचे हे त्यांना एकमेकांना सांगावे लागत नव्हते. कातारी लोकांत एकच मोठी मनाई होती: उलट फेऱ्याला लाकडाला धार लागू द्यायची नाही. लागली तर काय होते, हे कुणाला ठाऊक नव्हते, कारण आजवर कुणी लागू दिलीच नव्हती.

मग वज्रसेन राजाचे लग्न ठरले. नव्या राणीला, उत्पलेला, हाकेची कांडी द्यायची होती. ही कांडी हाती धरून ज्याला 'ये' म्हणावे ते येते, मग तो दूर गेलेला राजा असो, रानात चुकलेली गाय असो, नाहीतर डोंगराआड अडकलेला पाऊस असो. राजवाड्याचा जासूद सकाळपासून दारात उभा होता आणि या पायावरून त्या पायावर होत होता.

लिंबाई म्हणाली, "लाकूड अजून ओलं आहे. महिनाभर सुकू द्या."

"राजवाड्याला थांबा म्हणू?"

"म्हणा."

"तुला काय कळतं त्यातलं? दोरी ओढणाऱ्यानं दोरी ओढावी."

लिंबाई पाटावर बसली, दोरी हातात घेतली आणि ओढू लागली. जरा जोरातच ओढू लागली. सिदोजीही धुमसत होता, आणि त्या भरात एका उलट फेऱ्याला त्याची पटाशी उचलायची राहिली. एकच फेरा. लाकडाची एक साल भलत्या दिशेला उडाली.

लिंबाईच्या हाताला ते दोरीतून कळले. "मोडा ही," ती म्हणाली. "दुसरी कातू."

"दिसतंय का कुठे काही?"

"दिसत नाही. पण झालंय."

सिदोजीने ऐकले नाही. त्याने कांडीवर लाख चढवली, केवड्याच्या पात्याने घोटली, आणि ती अशी चमकली की इतकी देखणी कांडी त्या चरकावरून कधी उतरली नव्हती. ती राणीला भेट गेली. दिलेल्या कांडीवर देणाऱ्याचा हक्क राहत नाही, असा तिथला रिवाज होता. सिदोजीने त्या रिवाजाचा आडोसा घेतला आणि गप्प बसला. माणूस चुकतो ते एक वेळ समजते, पण चुकीला लाख फासतो तेव्हा त्याचा राग येतो.

लग्नानंतर चार महिन्यांनी राजा सरहद्द पाहायला गेला. राणीला करमेना. तिने कांडी उचलली आणि म्हणाली, "ये." राजा तेव्हा परतीच्या वाटेवर होता, नगर दोन कोसांवर राहिले होते. त्याचा घोडा थबकला आणि मागे मागे चालू लागला. राजाने लगाम खेचला, टाच मारली, कशाचा उपयोग झाला नाही. घोडा मागच्या पावली दूर जात राहिला आणि राजाचे तोंड नगराकडेच राहिले.

राणीने पुन्हा बोलावले, राजा आणखी दूर गेला. तिने पावसाला बोलावले, तर ढग सरकत सरकत डोंगरापलीकडे जाऊन बसले. राजवैद्याला बोलावले, तो औषधांची पिशवी छातीशी धरून मागच्या पावली निघून गेला. एक शहाणी दासी म्हणाली, "बोलावल्यावर जातात, तर मग 'जा' म्हणून पाहावं." राणीने तेही केले. पण कांडीला तोंडचा शब्द ऐकू येत नाही, मनातला येतो. राणीच्या तोंडी 'जा' होते आणि मनात 'ये' होते. राजा आणखी एक कोस मागे गेला.

शेवटी राणीच्या मनात आले की ज्यांनी कांडी केली त्यांनाच विचारावे. कांडी हातात होती हे तिच्या ध्यानात राहिले नाही. "लिंबाईला बोलवा," ती म्हणाली.

लिंबाई तेव्हा दोरी ओढत होती. ती दोरीसकट उठली आणि मागच्या पावली दाराबाहेर पडली. "अहो," ती म्हणाली, "धरा मला." सिदोजीने तिचे मनगट धरले. वेशीपर्यंत तो तिच्याबरोबर फरफटत गेला. वेशीबाहेर त्याचा हात सुटला. ती दिसेनाशी होईपर्यंत तिचे तोंड त्याच्याकडे होते.

त्या दिवसापासून राणीने कांडी चंदनाच्या पेटीत ठेवली. तरी तिला राजाची आठवण आली की तिकडे त्याचा घोडा एक पाऊल मागे जाई. आठवण येऊ नये म्हणून ती तांदूळ निवडत बसे. तांदूळ निवडून संपत, आठवण संपत नसे.

दीड वर्ष गेले. शेतांना भेगा पडल्या. सिदोजीने शेजाऱ्यांना दोरीला बसवून कांड्या कातून पाहिल्या, पण साऱ्या कांड्या मुक्या निघाल्या. पोटात दडवलेल्या चुकीमुळे त्या तशा निघाल्या हे त्याला ठाऊक होते आणि ते तो कुणाला सांगत नव्हता. सकाळी उठून तो चरकासमोर बसे आणि लिंबाईच्या रिकाम्या पाटाकडे पाहत राही. तिची त्याला फार आठवण येई. तिच्या बोलण्याची येई, आणि त्याहून जास्त तिच्या गप्प राहण्याची येई.

एके दिवशी भर दुपारी एक धनेश पक्षी त्याच्या छपरावर उतरला. त्याची चोच नांगराच्या फाळाएवढी होती.

"सिदोजी कातारी," धनेश म्हणाला, "तुझ्या चुलीत राख नाही."

"पेटवणारी नाही."

"ती तीन समुद्रांपलीकडे उभी आहे. तोंड इकडे आहे."

सिदोजीने हात जोडले. "परत कशी येईल?"

"तीन गोष्टी मिळव. ज्या झाडावर कुणी कुणाची वाट पाहत असेल, त्या झाडाची वीतभर फांदी. लाखजोगिणीच्या हातची लाख. आणि दोरीला असा माणूस, की ज्याचं तू नुकसान केलंस आणि ते कळूनही जो दोरी ओढील. त्या कांडीतून एक हाक जाईल. एकच. वीतभर लाकडात तेवढीच मावते."

"आणि बाकीचे गेलेले?"

"त्यांच्यासाठी ती उलटी कांडी पुन्हा चरकावर चढवावी लागेल. ज्या दोघांनी कातली, त्या दोघांनीच तिचा उलटा पापुद्रा काढायचा. निघाला तर सगळे येतील. कांडी मोडली तर जे तेव्हा दूर असतील ते कायमचे गेले."

"वाट पाहणाऱ्याचं झाड कुठे आहे?"

"माझंच आहे," धनेश म्हणाला. "माझी बायको त्याच्या ढोलीत आहे. अंडी उबेपर्यंत तिने दार चिखलाने लिंपून घेतलंय. फटीतून मी घास देतो. झाड हललं तर लिंपण पडेल आणि घोरपड अंडी खाईल. झाड हलू न देता फांदी काढशील तर ती तुझी."

सिदोजी गेला. कुऱ्हाड नको, करवतही नको, म्हणून त्याने बारीक कानस घेतली आणि तीन दिवस झाडावर बसून फांदी कानशीने घासली. पानही हलू दिले नाही. जवळच्या फटीतून धनेशिणीची चोच तेवढी दिसे.

"आत गुदमरत नाही?" त्याने विचारले.

"गुदमरतं."

"मग कशी राहतेस?"

"तो येतो," ती म्हणाली. "उशिरा येतो, कधी कच्चं फळ आणतो, पण येतो."

सिदोजीला वाटले, लिंबाईही तिकडे असेच म्हणत असेल, आणि मी तर इतके दिवस नुसता पाटाकडे बघत बसलो. त्याच्या डोळ्यांना पाणी आले, पण हात हलू दिला नाही. चौथ्या दिवशी फांदी सुटून त्याच्या तळहातावर आली.

लाखजोगीण जळक्या टेकडीवर राहत होती. तिच्या घरामागे शेदोनशे माणसे मांडी घालून बसली होती. सगळी जेवून तृप्त दिसत होती आणि कुणालाच घरी जायची आठवण नव्हती.

"लाख देईन," जोगीण म्हणाली. "पण तीन वेळा माझ्याकडे जेवलं पाहिजे. तिसऱ्या ताटावरून उठता आलं, तर लाख तुझी."

पहिल्या ताटात सिदोजीच्या आईच्या हातची चव होती. दुसऱ्या ताटात लग्नातल्या जेवणाची चव होती. तिसऱ्या ताटात आमटी आणि भात होता, आणि तो लिंबाईच्या हातचा होता. सिदोजीने पहिला घास घेतला आणि त्याला रडू फुटले. दीड वर्षात तो असे जेवला नव्हता. टेकडी, कांडी, राणी, सारे त्याच्या मनातून पुसट होऊ लागले. मग दुसरा घास घेता घेता तो थांबला. त्याने ताट बाजूला सारले आणि उठला.

जोगिणीने विचारले, "चव तिची नव्हती?"

"तिचीच होती. पण तिच्या आमटीत मीठ रोज किंचित जास्त पडतं. हिच्यात बरोबर आहे."

"म्हणजे माझ्या आमटीत खोट काढतोस?"

"नाही, जोगीणबाई. खोट नाही, म्हणून उठलो."

जोगीण उठली. मग तिने घरातून तांबडी लाख आणली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधली. आता तिसरी गोष्ट राहिली होती, आणि तिच्यापुढे पहिल्या दोन काहीच नव्हत्या.

सिदोजी राजवाड्यात गेला. राणी तांदूळ निवडत बसली होती. शेजारी प्रधान उभा होता.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "आपल्या कांडीत खोट आहे, आणि ती माझ्या हातची आहे. उलट फेऱ्याला मी पटाशी उचलली नाही. बायको मोडा म्हणाली. मी लाख फासून ती आपल्याला दिली."

राणीने हातातले सूप खाली ठेवले.

"दीड वर्ष," ती म्हणाली, "मला वाटत होतं की खोट माझ्या मनात आहे. मला तो परत यायला नकोच आहे आणि ते कांडीला कळतंय. नगरातले लोकही हेच बोलत होते. तू ऐकत होतास?"

"ऐकत होतो."

"मग का नाही बोललास?"

"भ्यालो. आणि सत्तावीस वर्षांचं नाव होतं."

प्रधान म्हणाला, "याला हत्तीच्या पायी द्यावं."

"दिला तर पटाशी कोण धरील?" राणी म्हणाली. तोवर सिदोजीने धनेशाचे सगळे बोलणे तिला सांगितले होते, एका हाकेचे आणि मोडण्याच्या भीतीचेही, काही न लपवता. "सिदोजी, दोरी कशी ओढतात ते दाखव. मी तुझ्यावर फार रागावले आहे आणि तो राग इतक्यात जाणार नाही. कांडीला त्याची अडचण आहे?"

"नाही, राणीसाहेब. राग असला तरी चालेल. पटाशी उचलायचं काम माझं आहे."

राणी प्रधान आणि दासींबरोबर सिदोजीच्या घरी आली आणि चरकासमोर लिंबाईच्या पाटावर बसली. पहिल्या दिवशी तिच्या हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. साध्या काटक्या एकामागून एक मोडल्या. उजवा हात ओढताना डाव्याने सोडायचे, हेच तिला जमेना. दोन्ही हात ओढूनच धरत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातांना ते उमगले. तेव्हा सिदोजीने धनेशाची फांदी चरकावर चढवली. सुलट फेऱ्याला टेकवली, उलट फेऱ्याला उचलली. एकदाही चुकला नाही. कांडी उतरली तेव्हा दोघेही घामाने भिजले होते. त्याने लाख चढवली, घोटली आणि दोन्ही हातांनी राणीपुढे धरली.

"राणीसाहेब, खोट असलेली भेट भेटीत धरत नाहीत. ही आपल्याला भेट."

"तुझी काय इच्छा आहे?"

सिदोजीच्या ओठांवर नाव आले होते. त्याने ते गिळले. "दिलेल्या कांडीवर देणाऱ्याची इच्छा नसते."

राणी कांडी हातात घेऊन बसून राहिली. "मी राजाला बोलावलं, तर तो नक्की येईल," ती म्हणाली.

"नक्की."

"लिंबाईला बोलावलं आणि मग ती दुसरी कांडी मोडली, तर मला तो पुन्हा कधीच दिसणार नाही."

"नाही दिसणार."

"आणि राजाला बोलावलं, तर ढग तिकडेच राहतील. राजवैद्य तिकडेच. तुझी लिंबाई तिकडेच."

राणी सगळ्यांदेखत रडली. कठीण होते ते एवढेच नव्हते. कांडीला मनातला शब्द लागतो. नुसते नाव घेऊन भागत नव्हते, तर त्या एका क्षणी राणीला राजापेक्षा एक कातारीण जास्त हवीशी वाटायला हवी होती. आणि अशी ओढ काही आणू म्हटल्याने आणता येत नाही.

ती अजून त्याच पाटावर बसली होती. सत्तावीस वर्षांत त्या पाटाला एक खळगा पडला होता. तीन दिवस राणी त्या खळग्यात बसली होती आणि तो तिच्या अंगाला बसत नव्हता, सारखा रुतत होता. तिने त्यावरून हात फिरवला. इथे कुणीतरी इतकी वर्षे बसत होते. माझ्या एका शब्दाने ते माणूस उठून गेले आणि तेव्हापासून ही जागा तशीच आहे. तिला त्या घडीला खरोखर एवढेच वाटले की जिची जागा आहे तिने यावे.

"लिंबाई, ये," ती म्हणाली.

कांडी तिच्या हातात तडकली. तीन समुद्रांपलीकडून यायला लिंबाईला चुलीवरचे दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ लागला. ती पुढच्या पावली चालत दारात आली. पाय धुळीने भरले होते, हातात दोरी होती.

"मोडा म्हटलं होतं की नाही?" ती म्हणाली.

"म्हटलं होतंस," सिदोजी म्हणाला. तो लहान पोरासारखा रडू लागला. लिंबाईने दोरी खाली ठेवली आणि पदराने त्याचे तोंड पुसले. मग पाटावरून उठलेल्या बाईकडे तिचे लक्ष गेले, आणि ती राणी आहे हे तिला दागिन्यांवरून नाही, कुणीतरी मुजरा केला म्हणून कळले.

चंदनाची पेटी आणली. उलटी कांडी चरकावर चढली. आधीच ती काडीएवढी होती, आता तिच्यावरून आणखी एक पापुद्रा काढायचा होता. लिंबाईने दोरीचा वेढा घातला आणि नवऱ्याकडे पाहिले.

"हळू ओढते. मी थांबले तर तुम्हीही थांबायचं. का ते विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

चरक फिरू लागला. राणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कांद्याच्या सालीहून पातळ साल निघू लागली. एकदा लिंबाई मध्येच थांबली. सिदोजीने तत्क्षणी पटाशी उचलली. लाकडात कुठेतरी बारीकसा आवाज झाला आणि राणीने डोळे मिटले. लिंबाईने दोरी सैल केली, श्वास सोडला आणि मग एक हलकी ओढ दिली. शेवटची साल सुटून जमिनीवर पडली. कांडी दोन खुंटांमध्ये अखंड होती.

त्याच घडीला दूरदेशी, जे जे कुणी मागच्या पावली चालले होते, त्यांचे पाय थांबले. त्यांना वळावे लागले नाही. तोंडे घराकडेच होती. राजाचा घोडा पुढे झेपावला. ढग डोंगर ओलांडून आले आणि पहिल्यांदा राजवैद्याच्या पिशवीवरच कोसळले, त्याच्या पुड्यांचा लगदा झाला, आणि तरीही तो हसत नगरात शिरला. संध्याकाळच्या आत राजा वेशीशी होता.

राणी सामोरी गेली. राजा घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, "तू बोलावलंस ते मला रोज कळत होतं. प्रत्येक पावलाला कळत होतं." राणीला दीड वर्ष जे ऐकायचे होते ते हेच होते. ती त्याच्या छातीवर डोके ठेवून उभी राहिली आणि नगराने चांगुलपणा करून दुसरीकडे पाहिले. सिदोजीला शिक्षा झाली ती अशी, की त्याने आपली चूक दर वर्षी नव्या कातारी पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगावी. ती त्याने जन्मभर भोगली.

राज्य ताळ्यावर आले. शेते भिजली, चुली पेटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सुईणीसाठी कांडी कातायची होती. सिदोजी आपल्या जागेवर बसायला गेला, तर तिथे लिंबाई पटाशी घेऊन बसली होती.

"आज तुम्ही ओढा," ती म्हणाली.

तो पाटावर बसला. दोरीची दोन टोके हातांत घेतली आणि ओढली. लिंबाईने पटाशी टेकवली, आणि सिदोजीचा हात दचकला. दोरीतून सगळे कळत होते. लाकडातली गाठ कळत होती, धार कळत होती, आणि पटाशी धरणाऱ्या हाताचा जीव केवढा आहे, तो कुठे भितो, कुठे घाई करतो, तेही कळत होते. तो थांबला.

"लिंबाई, सत्तावीस वर्षं तुला हे सगळं ऐकू येत होतं?"

"सगळं."

"कधी बोलली नाहीस."

"एकदा बोलले होते," ती म्हणाली.

सिदोजीने मान खाली घातली आणि दोरी ओढली. लिंबाईने पटाशी टेकवली, मग उचलली. त्यांना त्यांची माणसे मिळाली, तशी ऐकणाऱ्यांना मिळोत, आणि सांगणाऱ्यालाही मिळोत.